उठाव कमी की झीज जास्त? चांदीच्या रुपयांबद्दल वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेली बहुतेक पत्रं चांदीच्या रुपयांची आणि त्यांच्या प्रतवारीची आहेत. पत्रांतल्या प्रती खालून वर अशा: फाइन, व्हीएफ (व्हेरी फाइन), एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन), एयू (जवळजवळ न वापरलेलं) आणि युएनसी (न वापरलेलं). पाच निवडली. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण उरलेल्या चारांची किल्ली त्यातच आहे.

ताई, माझ्याकडे पंचम जॉर्जचा १९१८ चा रुपया आहे. मोकळ्या भागाला छान झळाळी आहे, पण राजाच्या झग्यावरचा हत्ती जवळजवळ सपाट आणि मुकुटातले मणी एकमेकांत मिसळलेले. नाण्यांच्या प्रदर्शनात एका विक्रेत्याने ‘व्हीएफ’ सांगितलं, दोन टेबलं सोडून दुसऱ्याने ‘एयू’. किमतीत कितीतरी फरक पडतो. खरं कोणाचं?
— बँक कर्मचारी, सांगली

तुमचे चारही फोटो पाहिले. माझा कल एयूकडे आहे. पण फोटोवरून शेवटचा शब्द मी देत नाही. असा निकाल नाणं हातात धरून दिव्याखाली फिरवल्यावरच लागतो, आणि ते काम तुम्ही घरी करू शकता.

नाण्यावर एखादी रेघ दिसत नाही याची कारणं तीन. ती रेघ मुळात उठलीच नसेल, म्हणजे दाब पडताना धातू ठशाच्या खोल कोपऱ्यापर्यंत पोचला नाही. किंवा हजारो नाणी पाडून ठसाच थकला असेल. किंवा रेघ उठली होती आणि पुढे खिशा-कनवटीत, गल्ल्यात, थैलीत घासून गेली. पहिली दोन कारणं टाकसाळीच्या भिंतींच्या आतली, तिसरं बाजारातलं. झीज म्हणायची ती फक्त तिसऱ्याला. तुमच्या पहिल्या विक्रेत्याने, मला वाटतं, न दिसणाऱ्या रेघा मोजल्या आणि थांबला. तेवढ्यावर प्रत ठरवणं मला मान्य नाही.

आता दिवा. खोलीतली ट्यूब बंद करा आणि टेबलावर एकच उघडा बल्ब लावा, नाण्यापासून फूटभर अंतरावर. खाली मऊ टॉवेल घाला. नाणं फक्त कडेने धरा आणि हळूहळू कलवत गोल फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाचे दोन पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे मध्यापासून काठाकडे पसरलेले आणि नाण्याबरोबर फिरताना दिसतात. ठसा पडताना चांदी मध्यापासून बाहेरच्या दिशेने सरकते आणि तिच्या पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक सरळ रेषा राहतात. ही झळाळी त्या रेषांची. बोटांनी, कापडाने, दुसऱ्या नाण्याने घासलं की सर्वांत आधी मोडतात त्या याच रेषांचे माथे, केस किंवा मणी झिजण्याच्या कितीतरी आधी. म्हणून मी तपशील नंतर बघते, पट्टा आधी.

पट्टा फिरत फिरत राजाच्या गालावर येईल तेव्हा तो चढून पलीकडे जातो की गालावर तुटतो, हे बघा. अखंड गेला तर तिथे घासलेलं नाही. गालापाशी मंद, राखाडी डाग दिसला आणि पट्टा त्याला वळसा घालून गेला, तर तिथे झीज सुरू झाली आहे. राखाडी हा रंग लक्षात ठेवा. घासलेल्या चांदीचा उंचवटा भोवतालच्या चांदीपेक्षा वेगळ्या रंगाचा होतो. न उठलेला भाग सपाट असला तरी रंगाने बाकीच्या नाण्यासारखाच राहतो.

मग पाचपट भिंग घ्या. सपाट वाटणाऱ्या हत्तीवर बारीक खड्डे, खरबरीतपणा किंवा आडवेतिडवे जुने ओरखडे दिसतात का? ते कोऱ्या चकतीचे असतात. ठशाखाली पूर्ण दाब मिळाला असता तर ते पुसले गेले असते. झिजलेला भाग याच्या उलट गुळगुळीत असतो, कडा मवाळ झालेल्या असतात. शिवाय नाणं उलटून त्या जागेच्या बरोबर पाठीमागे काय आहे तेही पाहा. दोन्ही बाजूंना समोरासमोर खोल नक्षी असेल तर धातूला दोन्हीकडे धावावं लागतं आणि एकीकडे तरी तो अपुरा पडतो. पाठीमागची पाकळीही त्याच जागी अर्धवट असली, तर संशयाचा फायदा मी टाकसाळीला देते.

पंचम जॉर्जच्या रुपयावर माझा क्रम असा: आधी गाल आणि भुवईचा माथा, मग कानाची कड आणि कानाखालची दाढी, मग मुकुटाच्या पट्ट्यातले मणी, मग खांद्यावरची नक्षी. काटा बाजूला फुलांच्या पाकळ्या आणि पानांच्या शिरा. गाल-भुवईवर नुसता रंग बदललाय आणि बाकी झळाळी बहुतेक शाबूत, तर एयू. झळाळी फक्त अक्षरांच्या आडोशाला आणि पानांच्या बेचक्यात उरली आहे, पण दाढीचे केस अजून सुटे दिसतात, तर एक्सएफ. दाढीचे पुंजके झाले आणि मणी खरोखर घासून जोडले गेले, तर व्हीएफ. कान गालात विरला, दाढी म्हणजे नुसता उंचवटा राहिला, तर फाइन आणि त्याखाली. तुमच्या नाण्याचे मणी जोडलेले आहेत आणि तरीही मोकळ्या भागात झळाळी आहे, या दोन गोष्टी झिजेच्या हिशेबात एकत्र बसत नाहीत. माझा एयूकडे कल आहे तो यामुळे.

हत्तीबद्दल थोडं वेगळं सांगते, कारण बरेच जण प्रत त्याच्यावरच टांगतात. १९११ च्या पहिल्या रुपयावर राजाच्या गळ्यातल्या साखळीचा हा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. त्यावरून ओरड झाली आणि १९१२ पासून सोंड आणि पाय स्पष्ट केलेली नवी आकृती आली. तेव्हापासून रुपया हातात आला की आपण आधी हत्ती शोधतो. पण ती आकृती इवलीशी आहे आणि चांगल्या नाण्यावरही अनेकदा नीट उठत नाही. १९११ चा रुपया ओळखायला हत्ती हवाच, झीज मोजायला मात्र गाल विश्वासाचा.

आणि १९१८ हे वर्षही ध्यानात घ्या. महायुद्धामुळे रुपयाला अफाट मागणी होती, चांदी मिळत नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर १९१७ मध्ये, सरकारला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा केला आणि आपल्या तिजोरीतले सुमारे २६ कोटी चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी हिंदुस्थानासाठी ब्रिटनला विकली. त्या घाईच्या काळातल्या रुपयांकडे बघताना कमी उठावाची शक्यता मी आधी तपासते, झिजेचा आरोप नंतर करते. मुंबईचा रुपया असेल तर काटा बाजूला, तळाच्या कमळाखाली एक बारीक ठिपका असतो. तोही पाहून घ्या, कलकत्त्याच्या नाण्यावर तो नसतो.

एकच सावधगिरी. गालावर राखाडी डाग आहे आणि विक्रेता ‘युएनसी’ म्हणतोय, ‘हा तर नुसता कपाटात घासलाय’ असं समजावतोय, तर ऐकून घ्या आणि पैसे एयूचेच द्या. लाकडी खणात सरकून आलेली घासही घासच. थैलीत नाण्यावर नाणं आपटून पडलेले टोचे मात्र वेगळे. ते झळाळी तेवढ्या जागी तोडतात, उंचवटा सपाट करत नाहीत. असे टोचे गालावर पाच असले तरी नाणं न वापरलेलं असू शकतं.

माझ्या १८८५ च्या राणीछाप रुपयाचं वजन ११.४१ ग्रॅम भरलं. मूळ वजन ११.६६ असेल तर झीज २.१ टक्के झाली. वजनावरून थेट प्रत काढण्याचं सूत्र का नाही? डोळ्यांपेक्षा ते जास्त शास्त्रीय ठरेल.
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर

तुझा हिशेब बरोबर आहे, आता तोच पुढे नेऊ. रुपयाचा व्यास साडेतीस मिलिमीटर धरला तर दोन्ही बाजू मिळून साडेचौदा चौरस सेंटिमीटर होतात. या चांदीची घनता १०.३ च्या आसपास. पाव ग्रॅम चांदी या सगळ्या पृष्ठभागावर समान पसरली तर जाडी येते १६-१७ मायक्रॉन. म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण चौथा हिस्सा. आता ही चांदी समान गेलीय की राणीच्या गालावरून, वेणीवरून आणि मुकुटावरून गेलीय, की कडेच्या दात्यांवरून, हे तराजू सांगत नाही. प्रत ठरते ती नेमकी यावर. शिवाय एक्सएफ आणि एयू यांच्यातला फरक झळाळीचा आहे. तो सराफाच्या काट्यात पकडण्याइतक्या वजनाचा नाहीच. त्यात टाकसाळीतून निघतानाही प्रत्येक रुपयाला वजनात थोडी सूट असे, म्हणजे तुझा आरंभबिंदूच पक्का नाही.

वजनाने प्रत ठरत नाही, पण वजनाला इतिहास आहे आणि तो तुला आवडेल. १९०६ च्या नाणे कायद्यात रुपयाला दोन टक्क्यांची मर्यादा होती. त्याहून जास्त घटलेला रुपया कायदेशीर चलन राहत नसे. दोन टक्के कमी म्हणजे ११.४३ ग्रॅम. तुझा रुपया त्या रेषेच्या किंचित खाली आहे, म्हणजे तो भरपूर फिरलेला आहे. राणीच्या नाण्यावर गाल, कपाळावरचे केस, मुकुटाचा पट्टा आणि छातीवरच्या कपड्याची फुलं बघ. फुलं एकमेकांत विरली असतील असा माझा अंदाज आहे.

तराजूचा खरा उपयोग नकली नाणं पकडण्यात. काट्यावर पाण्याचा पेला ठेव, आकडा शून्यावर आण आणि दोऱ्याला टांगलेला रुपया तळाला न टेकवता पूर्ण बुडव. ९१.७ टंचाच्या, म्हणजे ९१.७ टक्के चांदीच्या रुपयाला आकडा १.१३ ग्रॅमच्या जवळपास यायला हवा, तुझ्या घटलेल्या रुपयाला १.११. जर्मन सिल्व्हरच्या (नाव तसं असलं तरी यात चांदी नसते) नकली रुपयाला तो १.३० च्या वर जातो. दोरा पातळ घे आणि नाण्याला चिकटलेले बुडबुडे झटकून टाक, नाहीतर आकडा फसवतो. १९४० ते १९४५ चे रुपये मात्र या परीक्षेत वेगळे येतील. वजन तेच ११.६६, पण चांदी फक्त निम्मी, बाकी तांबं, निकेल आणि जस्त.

आमच्याकडे आजीच्या डब्यातले अकरा रुपये आहेत, राणीचे आणि सातव्या एडवर्डचे. दरवर्षी लक्ष्मीपूजनाआधी रांगोळीने किंवा भांडी घासायच्या पुडीने लख्ख करायची पद्धत आहे. एका जाणकाराने बघून ‘साफ केलेली, प्रत मिळणार नाही’ एवढंच सांगितलं. खूप वाईट वाटलं. नाणी तर नव्यासारखी चमकतात! काही करता येईल का?
— शिक्षिका, वाई

तुम्हाला वाईट वाटलं ते मला पूर्ण समजतं. माझं बालपण हुपरीत चांदीच्या भट्टीशेजारी गेलं. रिठ्याचं पाणी आणि पितळी ब्रश यांनी काळा दागिना उजळताना मी रोज पाहिलं आहे. दागिन्यासाठी ती कला आहे, कारण दागिना पुन्हा उजळायचाच असतो. नाण्याचा पृष्ठभाग एकदाच तयार होतो, ठशाखाली. वर सांगितलेल्या त्या बारीक रेषा रांगोळीच्या कणांनी खरवडल्या गेल्या की परत येत नाहीत. तुम्हाला जी चमक दिसते ती घासलेल्या धातूची आहे. एकट्या बल्बखाली नाणं फिरवा. आऱ्यांसारखे पट्टे दिसणार नाहीत, सगळं नाणं एकदम चकाकेल आणि एकदम विझेल.

जाणकाराला ते एका नजरेत कसं कळलं, हेही सांगते. वापरातली झीज उंचवट्यावर असते आणि तिचे ओरखडे सगळ्या दिशांना असतात. घासण्याचे ओरखडे एका दिशेने किंवा गोल गोल जातात आणि मोकळ्या भागात, अक्षरांच्या अगदी मुळापर्यंत पोचतात, जिथे खिशातली घास कधी पोचत नाही. आणि अक्षरांच्या बेचक्यात काळपट किंवा पांढरी पूड अडकून राहते. एडवर्डच्या डोक्यावर मुकुट नाही, त्यामुळे कानावरचे केस हीच त्या नाण्याची सर्वांत उघडी जागा. तिथे केस मवाळ पण मोकळा भाग आरशासारखा, असं दृश्य दिसलं की नाणं घासलेलं आहे हे समजतं.

ग्रेडिंग कंपन्या अशा नाण्यांना आकडा देत नाहीत. ‘डीटेल्स’ असा शेरा देऊन तपशील किती उरला तेवढं लिहितात. म्हणून तुमची नाणी खोटी किंवा टाकाऊ ठरत नाहीत. चांदी तीच आहे, वर्षं तीच आहेत, आणि आजीच्या हातची आहेत.

काही करता येईल का, तर एकच: आता थांबा. काळी पडू द्या. ‘पुन्हा जुनी दिसतील’ म्हणून गंधक किंवा उकडलेल्या अंड्याबरोबर डब्यात ठेवायला कोणी सांगेल, तसं करू नका. तो रंग ओळखू येतो आणि मग दोन शेरे बसतात. चांदी उजळायच्या द्रावणात बुडवूही नका. काळेपणा म्हणजे चांदीचाच गंधकाशी झालेला थर आहे, तो विरघळताना वरची चांदीही घेऊन जातो. पूजेत कुंकू आणि तेल लागलं तर शुद्ध ॲसिटोनच्या काचेच्या वाटीत काही मिनिटं बुडवा, उघड्या खिडकीशी, समई-निरांजनापासून लांब. बाहेर काढून डिस्टिल्ड पाण्यात धुवा आणि टिपकागदावर टिपा, पुसू नका. नेलपॉलिश काढायचं द्रव ॲसिटोन म्हणून वापरू नका, त्यात तेलं आणि सुगंध असतात. पूजेला मात्र हीच नाणी घ्या, दरवर्षी. लक्ष्मीसमोर काळसर रुपया ठेवायला काही हरकत नाही, असं मी मनापासून मानते.

अकराही नाण्यांची कड तपासा. पूर्वी रुपयांना कडी लावून माळेत ओवत. कडी काढल्यावर तिथे जोडकामाची झाळ उरते, कडेचे दाते दोन-तीन मिलिमीटर बुजलेले दिसतात आणि तेवढ्या जागी चांदीचा रंग जरा पिवळट असतो. असं नाणं वेगळं ठेवा.

घरच्या पेटीत एक अंकुशी रुपया निघाला. फार्सी अक्षरं अर्धी कापलेली, एका बाजूला अंकुश स्पष्ट, दुसऱ्या काठाला काहीच नाही. अर्धं नाणं झिजलेलं म्हणायचं का?
— शेतकरी, जुन्नर तालुका

झिजलेलं म्हणू नका. हा मराठेशाहीतला, हातोड्याने पाडलेला रुपया आहे, अंकुशाच्या खुणेवरून त्याला अंकुशी म्हणतात. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे मुघल बादशहा शाह आलमच्या नावाचा पूर्ण मजकूर कोणत्याच एका नाण्यावर मावत नाही. जे चकतीच्या बाहेर गेलं ते कधी उठलंच नव्हतं. यंत्राच्या, गोल, दातेरी रुपयाला आपल्याकडे कलदार म्हणत. त्याचे नियम याला लावले तर सगळेच अंकुशी रुपये ‘खराब’ ठरतील.

इथे मी फक्त उठलेल्या अक्षरांकडे बघते. अक्षराचा माथा सपाट आणि रुंद झालाय की त्याची धार अजून बोटाला लागल्यासारखी दिसते? धार आहे म्हणजे नाणं कमी फिरलं. हातोडा तिरका बसला तर एक बाजू उंच, दुसरी उथळ येते, आणि उथळ बाजूला चकतीवरचे मूळ खड्डे दिसतात. कडेला छोटा कोरीव घाव किंवा टिकली मारल्याची खूण असेल तर ती सराफाची, चांदी पारखताना केलेली. काही संग्राहक त्याचे पैसे कापतात. मी कापत नाही, कारण तो या नाण्याच्या बाजारातल्या आयुष्याचा पुरावा आहे. अंकुश पूर्ण असणं ही तुमच्या नाण्याची मोठी जमेची बाजू.

भाचा न्यू जर्सीला असतो. त्याच्याबरोबर माझे काही रुपये (१८७७ ते १९२०) अमेरिकेतल्या कंपनीकडे पाठवून आकडा घेऊ का? सत्तर पैकी किती हे कळलं की वाद मिटेल.
— निवृत्त अधिकारी, पुणे

पाठवू नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनं नाणं हे पुरावशेष धरलं जातं आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, भाच्याच्या खिशातूनही नाही. तुमची सगळी नाणी त्यात बसतात.

आकड्याने वाद मिटतो असंही मला वाटत नाही. ही १ ते ७० ची पट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली. ती नंतर सगळ्या जगाच्या नाण्यांवर पसरली. ५८ पर्यंत थोडी तरी झीज, ६० पासून झीज नाही, एवढी त्यातली एक रेघ माझ्या मते खरोखर कामाची आहे. ६२ की ६३ हे माणसांचं मत असतं, आणि तेच नाणं दुसऱ्यांदा गेलं तर बदलू शकतं.

त्यापेक्षा प्रत्येक नाण्याला एक कार्ड करा. त्यावर वर्ष, टाकसाळ, वजन आणि मग शब्दांत: गालावर रंग बदलला आहे का, झळाळी कुठे उरली आहे, कमी उठाव कुठे, टोचे किती आणि कुठे, कड निर्दोष आहे का. विकायची वेळ आली तर दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांना ते कार्ड न दाखवता नाणं दाखवा आणि त्यांचं म्हणणं पाठीमागे लिहून घ्या. नाणी पीव्हीसीच्या मऊ पाकिटात असतील तर आजच काढा. ते पाकीट काही वर्षांत चिकट होतं आणि चांदीवर हिरवट थर धरतं. मायलारची पाकिटं किंवा कडक प्लास्टिकच्या गोल डब्या घ्या, त्या पुण्यात सहज मिळतात.